गाळणी आयती, यादी परकी

जून 2015 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला. चाळीस फुटांहून लांब, आणि जिवंत. त्याला पुन्हा खोल पाण्यात नेण्याचे प्रयत्न फसले आणि तो किनाऱ्यावरच मेला. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2017 मध्ये, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप आदी कंपन्यांना पत्र पाठवून ‘ब्लू व्हेल चॅलेंज’ नावाच्या जीवघेण्या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितले. पालक हादरले होते, शाळा घाबरल्या होत्या. पुढे जानेवारी 2018 मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले की, तपासलेल्या प्रकरणांपैकी एकातही या खेळाचा हात असल्याचे सिद्ध झालेले नाही.

त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेने संगणक कक्षात ‘ब्लू व्हेल’ हे दोन शब्द अडवले असते, तर काय झाले असते? खेळ अडला नसता, कारण असले काही पसरलेच तर ते खासगी संदेशांतून आणि बंद गटांतून पसरते. रेवदंड्याचा देवमासा मात्र नक्की अडला असता. आपल्याच किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याची माहिती शोधणाऱ्या सातवीतल्या मुलीला ‘हे पान उपलब्ध नाही’ एवढेच दिसले असते. ते का उपलब्ध नाही आणि कोणी ठरवले, हे तिला कळले नसते, आणि तिच्या बाईंनाही नाही.

वेबवरचा मजकूर गाळण्याची मुक्त स्रोत साधने गेली पंचवीस-तीस वर्षे तयार होत आली आहेत. त्यांचा आढावा घेताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. गाळणीचे यंत्र आपल्याला फुकट, उत्तम आणि उघडे मिळालेले आहे. त्या यंत्रात घालायची यादी मात्र आपण केलेली नाही. मराठीत तर जवळजवळ नाहीच. फिल्टर चांगला की वाईट हे कोडवर थोडे आणि यादीवर फार ठरते.

सुरुवात स्क्विडपासून करावी लागते. 1996 मध्ये आलेला हा प्रॉक्सी सर्व्हर मुळात गाळण्यासाठी नव्हता. एकाने उघडलेले पान साठवून दुसऱ्याला चटकन द्यायचे, म्हणजे महागडी बँडविड्थ वाचते, हे त्याचे काम. पण सगळ्या विनंत्या एका दारातून जाऊ लागल्या की दारावर पहारेकरी बसवणे सोपे होते. स्क्विडगार्डने तेच केले: पत्ता यादीत असेल तर अडवायचा, नसेल तर सोडायचा. त्यानंतर इंग्लंडमध्ये डॅनियल बॅरन यांनी डान्सगार्डियन लिहिला आणि गाळणीला पहिल्यांदा वाचता येऊ लागले. तो नुसता पत्ता पाहत नसे, पानावरचा मजकूर वाचून त्याला गुण देई. आक्षेपार्ह शब्दाला अधिक गुण, वैद्यकीय किंवा शैक्षणिक शब्दाला उणे गुण, आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली की पान बंद. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये लहान मुलांसाठी 50, मोठ्या मुलांसाठी 100 आणि तरुणांसाठी 160 अशी मर्यादा सुचवलेली असे. आता त्याचा वारसा ई-टू-गार्डियन चालवतो.

ही उणे गुणांची कल्पना मला अजूनही फार मोलाची वाटते. ‘स्तन’ शब्दाला अधिक गुण द्या, पण शेजारी ‘कर्करोग’ असेल तर वजा करा. म्हणजे यंत्राला संदर्भ कळत नसला तरी संदर्भाची सावली कळते. अडचण अशी की हे गुण कोणीतरी एकेका भाषेसाठी बसून लिहावे लागतात. डान्सगार्डियनच्या याद्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोलिश अशा युरोपीय भाषा आहेत, चिनी, जपानी, मलयही आहेत. मराठी नाही.

मराठीत हे काम का अवघड आहे ते दोन-तीन शब्दांतच दिसते. नुसते ‘स्तन’ अडवा आणि जीवशास्त्राच्या धड्यातले ‘सस्तन प्राणी’ अडतात, कारण अक्षरांची तीच रांग त्याच्या पोटात आहे. देवमासाही सस्तन, म्हणजे रेवदंड्याची बातमी पुन्हा गेली. ‘दारू’ अडवा, ‘दारूबंदी’ जाते, आणि जंजिऱ्याच्या इतिहासातला ‘दारूगोळा’ही जातो. आणखी वाईट प्रकार ‘मटका’चा. मटक्याचे आकडे देणारी संकेतस्थळे अडवावीत म्हणून हा शब्द यादीत घातला, तर मटका कुल्फीची पाककृती अडते आणि ‘मटक्याचे आकडे’ बिनदिक्कत सुटतात. विभक्ती लागली, सामान्यरूप झाले, ‘का’चा ‘क्या’ झाला आणि यंत्राच्या दृष्टीने शब्दच बदलला. इंग्रजीसाठी लिहिलेल्या गाळणीत अशी रूपे ओळखायची सोय नसणार हे उघड आहे. तिला शब्दाचे मूळ रूप काढणारा एक टप्पा आधी जोडावा लागेल.

त्याहून खाली, अक्षराच्या पातळीवर, आणखी एक खाच आहे. ‘खाऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणसुद्धा या दोन रूपांना एक करत नाही. ‘दुःख’ कोणी विसर्गाने लिहितो, कोणी कीबोर्डवरच्या अपूर्णविरामाने. आणि यादी अडवते देवनागरी, तर मुले लिहितात रोमन लिपीत, प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने. मराठी गाळणी करायची तर पहिले काम हे अक्षरे सारखी करण्याचे आहे. ते किचकट असले तरी एकदाच करायचे आहे, आणि मुक्त स्रोत असेल तर सगळ्यांना पुरेल.

पण मजकूर वाचणाऱ्या गाळणीचा काळच मधे पालटला. 2015 च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्टने संकेतस्थळाची वाहतूक कुलूपबंद करणारी प्रमाणपत्रे सर्वांसाठी फुकट खुली केली आणि काही वर्षांत बहुतेक वेब कुलूपबंद झाले. वाटेतल्या प्रॉक्सीला आता पानाचा मजकूर दिसत नाही, फार तर कोणत्या संकेतस्थळाकडे चालला आहे एवढे कळते. मजकूर वाचायचाच असेल तर प्रत्येक संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र घालून मध्येच कुलूप उघडावे लागते. हे ई-टू-गार्डियनला जमते. शाळेने ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच संगणकावरून शिक्षक बँकेचे खाते उघडतात, पालकांचे अर्ज भरतात, आणि ते सगळे मग त्या एका पेटीत उघडे पडते.

म्हणून गाळण्याची जागा सरकून नावांच्या नोंदवहीकडे, डीएनएसकडे आली. कोणताही फोन संकेतस्थळ उघडण्याआधी ‘या नावाचा पत्ता काय’ असे विचारतो. पाय-होल, ॲडगार्ड होम ही साधने त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत बसतात. नाव यादीत असेल तर उत्तर येते शून्य शून्य शून्य शून्य, म्हणजे असा पत्ताच नाही. बाकी सगळे जसेच्या तसे. शोधाचे नावही असेच वळवता येते: गूगलचा पत्ता विचारला की ‘फोर्ससेफसर्च’ या त्याच्याच सुरक्षित दाराचा पत्ता द्यायचा, यूट्यूबचा विचारला की मर्यादित आवृत्तीचा. याला महागडा सर्व्हर लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक किंवा अडगळीतला जुना लॅपटॉप पुरतो.

याद्याही आयत्या मिळतात. फ्रान्समधल्या तुलूझच्या विद्यापीठाची वर्गवार यादी वर्षानुवर्षे सांभाळली जाते आहे. स्टीव्हन ब्लॅक यांच्या यादीत जुगार, अश्लील मजकूर, खोट्या बातम्या, समाजमाध्यमे असे वेगवेगळे कप्पे जोडता येतात. याउलट जर्मनीतली एकेकाळची नावाजलेली शाला यादी बंद पडली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक गाळण्या रातोरात जुन्या झाल्या. यादी ही रोज ताजी ठेवायची वस्तू आहे. कोड पाच वर्षे तसाच चालतो, यादी पाच महिन्यांत शिळी होते. जुगाराची संकेतस्थळे तर नाव बदलण्यातच पटाईत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तरी नवे नाव घेऊन उघडणारे दुकान त्याच दिवशी यादीत घालायला कोणीतरी जागे असावेच लागते. मराठीतून जाहिरात करून गावोगावच्या पोरांना ओढणारी दुकाने तुलूझमधल्या माणसाला कशी दिसणार?

किनाऱ्यावर हे सारे बसवताना ज्या अडचणी येतात त्या पुस्तकात नसतात. पहिली विजेची. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत खांब आणि तारा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. त्याच जूनमध्ये कोविडमुळे शाळा फोनवर आली होती. वादळ नेहमीचे नाही, पण पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचेच. छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड वीज अचानक गेली की खराब होते. नावाचे उत्तर देणारी पेटीच बंद पडली की शाळेचे सगळे नेट बंद पडते. मग कोणीतरी वैतागून ती काढून ठेवतो आणि पुन्हा कधी लावत नाही. लहान बॅटरी, कार्डाऐवजी साधी हार्ड डिस्क आणि पेटी बंद पडल्यास काय करायचे याचा भिंतीवर चिकटवलेला मराठी कागद, एवढ्या तीन गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते. खारी हवा पत्रे आणि जोडण्या खाते ते वेगळेच.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. गाळणीच्या सगळ्या चर्चेत राऊटर गृहीत धरलेला असतो. साखर-आक्षीच्या कोळीवाड्यात किंवा दिवेआगरच्या वाडीत नेट येते ते आईच्या किंवा भावाच्या फोनमधल्या सिमवर. शाळेच्या भिंतीबाहेर पाऊल पडले की शाळेची गाळणी संपली. अँड्रॉइडमध्ये 2018 पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. तिथे एक नाव भरले की सिमवरही तीच गाळणी लागू होते. ही सोय पालकांना कोणी दाखवत नाही. तालुक्यासाठी कोणी ॲडगार्ड होमसारखा एक सर्व्हर चालवला आणि त्याचे नाव पालकसभेत फळ्यावर लिहून दिले, तर जिल्ह्यात आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही उपायापेक्षा तो अधिक घरांत पोचेल. मुलगा ते सेटिंग काढू शकतो, हे खरे. दहावीतला मुलगा तर नक्कीच काढेल. दुसरी-तिसरीतल्या मुलासमोर चुकून काहीतरी येऊ नये, याला मात्र ते पुरते. घराची खरी गरज बहुतेक वेळा तेवढीच असते.

ब्राउझरमधल्या गाळण्यांचे थोडक्यात सांगतो. रेमंड हिल यांचा यूब्लॉक ओरिजिन 2014 पासून आहे आणि जाहिरातींबरोबर फसवे दुवेही अडवतो. फोनवरच्या फायरफॉक्समध्ये तो चालतो, फोनवरच्या क्रोममध्ये चालत नाही. संगणकावरच्या क्रोमने विस्तारांचे नियम बदलल्यावर तिथे त्याची हलकी आवृत्तीच उरली. आपण कुठला ब्राउझर वापरतो यावर आपल्याला काय गाळता येते हे ठरू लागले आहे.

आता सरकारी गाळणीकडे वळतो, कारण यादी बंद ठेवली की काय होते याचे धडे तिथे आहेत. 2014 च्या डिसेंबरात देशात 32 संकेतस्थळे अडवली गेली. त्यामागे मुंबईतल्या न्यायालयाचा आदेश होता आणि अर्ज होता महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचा. त्या 32 मध्ये गिटहब होते, म्हणजे जिथे जगभरचे मुक्त स्रोत कोड ठेवतात, गाळण्यांचे कोडसुद्धा, ते ठिकाण. पेस्टबिन आणि व्हिमिओही होते. 2015 मध्ये 857 संकेतस्थळे अश्लील म्हणून अडवली, त्यांत विनोदी मजकुराचीही निघाली, आणि काही दिवसांत सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. 2022 मध्ये व्हीएलसी या मुक्त स्रोत व्हिडिओ प्लेयरचे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हते. ते ज्यांनी बनवले त्यांनाही कारण कळवलेले नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालच्या 2009 च्या नियमांत तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. कोणती पाने अडली हे नागरिकांना शोधावे लागते ते ऊनीसारख्या मुक्त साधनाने मोजून. राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही गोष्टी अडवाव्या लागतात हे मला मान्य आहे. पण चूक झाली तर ती दाखवायची कुणाला, हे ठाऊक नसणे ही कोणत्याही गाळणीची सर्वांत मोठी खोट आहे, मग ती दिल्लीची असो वा शाळेची.

मराठीचा वेगळा आढावा घेतला तर चित्र अगदी निराशाजनक नाही. मोल्ड हा मराठी आक्षेपार्ह भाषेचा नमुनासंच 2021 मध्ये आला. त्याच वर्षी हॅसॉक या संशोधन-स्पर्धेत मराठीचा समावेश झाला. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब गटाने 2022 मध्ये महाहेट हा 25,000 हून अधिक ट्वीटचा संच खुला केला. त्यात द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काही नाही, असे चार वर्ग आहेत. मराठीसाठी महाबर्टसारखे प्रारूपही त्यांनी खुले ठेवले आहे. हे काम पायाभूत आहे आणि त्याची कदर व्हायला हवी. मर्यादाही सांगितली पाहिजे: ट्विटरवरची मराठी ही बरीचशी राजकीय वादाची, शहरी, लिहिणाऱ्यांची मराठी आहे. थळच्या किंवा वरसोलीच्या बंदरावर होडीतून उतरताना दोन मित्र एकमेकांना जे बोलतात, आगरी-कोळी रीलच्या खाली जे लिहिले जाते, ते या संचात बसत नाही. तिथल्या जवळिकीला यंत्र शिवी समजेल आणि गोड भाषेतल्या धमकीला सोडून देईल.

याच कारणासाठी मला ‘उली’ महत्त्वाचा वाटतो. टॅटल आणि सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी यांनी मिळून केलेला हा मुक्त स्रोत विस्तार पडद्यावरच्या शिव्या झाकतो. सुरुवातीला तो इंग्रजी, हिंदी आणि तमिळसाठी आला. त्याची यादी ज्यांना शिव्या खाव्या लागतात त्यांच्याबरोबर बसून बनवली: बायका, लैंगिक अल्पसंख्य, दलित कार्यकर्ते. मजकूर झाकायचा की नाही हे वापरणाऱ्याच्या हातात. तिथे राज्य किंवा पालक दुसऱ्यासाठी गाळत नाही, माणूस स्वतःसाठी गाळतो. मराठीतली अशी यादी करायची तर तिच्यात किनाऱ्यावरच्या मच्छी विकणाऱ्या बाईला फोनवर काय काय ऐकावे लागते तेही यायला हवे, आणि ते तिलाच विचारावे लागेल.

गाळण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत चांगला प्रयोग मात्र संगणकाशिवाय झाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की गावातले टीव्ही आणि फोन बंद, मुले अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. निर्णय ग्रामसभेत बायकांनी लावून धरला होता. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलच वापरू द्यायचा नाही असा ठराव केला. मला वडगावचा मार्ग कैक पटींनी सरस वाटतो. नियम सगळ्यांना ऐकू येतो, वेळेपुरता आहे, मोठ्यांनाही लागू आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत बदलता येतो. बान्सीच्या ठरावात मुलांना बोलायला जागा नाही. लीचब्लॉकसारखा मुक्त विस्तार ठरावीक वेळेत ठरावीक संकेतस्थळे बंद करतो, तो वडगावच्याच कुळातला.

रायगडच्या किनाऱ्यावर या सगळ्याचे काय करता येईल? लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात तेच ते हजेरीचे ॲप करण्यापेक्षा अर्धा र एकरूप करणारा आणि सामान्यरूप ओळखणारा एक छोटा खुला भाग दोघातिघांनी लिहिला, तर तो ई-टू-गार्डियनपासून उलीपर्यंत सगळीकडे जोडता येईल. केरळने हे पूर्वीच दाखवून दिले आहे. तिथल्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि स्वतंत्र मल्याळम् कम्प्युटिंगसारख्या गटाने भाषेची अवजारे स्वतः घडवली, कुणाची वाट पाहिली नाही. यादीचे काम मात्र विद्यार्थ्यांवर सोडू नये. त्यात विज्ञानाच्या शिक्षिका हव्यात, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका हवी, सायबर गुन्ह्यांच्या तक्रारी घेणारा पोलीस हवा. ‘पाळी’, ‘गर्भनिरोधक’, ‘गुप्तरोग’ हे शब्द उणे गुणांच्या बाजूला लिहिणारे कोणी बसले नाही, तर यादी आपोआप लाजेच्या बाजूने झुकते.

प्रत्येक अडलेल्या पानावर कारणाचा वर्ग, यादीचे नाव आणि ‘हे चुकून अडले’ असे सांगायची जागा मराठीत असावी. पाय-होल आणि ॲडगार्ड होममध्ये तशी पाने करणे कठीण आहे, कारण कुलूपबंद संकेतस्थळाच्या जागी दुसरे पान दाखवले की ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. त्यावर साधा उपाय म्हणजे संगणक कक्षात एक वही. मुलांनी पत्ता लिहायचा, शिक्षकांनी आठवड्याला पाहायचे, उत्तर त्याच पानावर द्यायचे. चांगल्या गाळणीच्या वहीत पहिल्या महिन्यात पुष्कळ नोंदी होतील. वही कोरी राहिली तर मुले शाळेचे नेट सोडून मित्राच्या हॉटस्पॉटवर गेली आहेत असे समजावे.

राहिला प्रश्न नोंदींचा. या पेट्या कोणत्या यंत्राने कोणते नाव कधी विचारले ते साठवतात, आणि ते मुकाट्याने महिनोन्महिने साठत जाते. गर्भपाताची माहिती देणारे संकेतस्थळ कोणत्या संगणकावरून उघडले गेले, हे मुख्याध्यापकांच्या पडद्यावर ओळीने दिसू शकते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वर्तनावर नजर ठेवायला मनाई केली आहे. शाळांना कुठे किती सूट मिळते याच्या तपशिलात शिरण्याआधी मुळात ही माहिती साठवूच नये. पाय-होलच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेची पातळी निवडता येते: नावे लपवा, विचारणारी यंत्रेही लपवा, किंवा आकडेवारीपलीकडे काहीच ठेवू नका. ही तिसरी पातळी पहिल्याच दिवशी, पेटी भिंतीला लावण्याआधी निवडावी.